बाळाची शी-शू : एका सवयीचा इतिहास

काही वर्षांपूर्वी बालवाडीच्या शिक्षिकांसाठी भरलेल्या एका शिबिरात आम्ही पचनसंस्थेवर बोलायला गेलो होतो. व्याख्यान संपल्यावर प्रश्नोत्तरे सुरू झाली. मागच्या रांगेतल्या एका ताईंनी विचारले, "आमच्या शाळेच्या प्रवेश-अर्जावर 'मूल शी-शू सांगते का?' असा एक रकाना आहे. पालकांनी 'नाही' लिहिले की प्रवेश पुढे ढकलतात. अडीच वर्षांच्या मुलाला हे आलेच पाहिजे का? शास्त्र काय म्हणते?" सभागृहात थोडी खसखस पिकली. आम्हीही काहीतरी गोलमाल उत्तर देऊन वेळ मारून नेली.

घरी आल्यावर मात्र तो प्रश्न पाठ सोडीना. म्हणून वाचायला बसलो, आणि लक्षात आले की 'शास्त्र काय म्हणते' याला एक उत्तर नाही. शंभर-सव्वाशे वर्षांत शास्त्राने या बाबतीत निदान तीन वेळा आपले मत फिरवले आहे. प्रत्येक वेळी ते तितक्याच ठामपणे सांगितले गेले, आणि प्रत्येक वेळी आयांनी ते निमूटपणे ऐकले. हा इतिहास शिक्षकांनी जाणून घेण्यासारखा आहे. त्यात शरीरशास्त्र आहे, समाजशास्त्र आहे, आणि पुराव्याशिवाय केलेली ठाम विधाने कशी ओळखावीत याचा एक चांगला धडाही आहे.

मातीचे आसन

प्रश्न जुना आहे, हे आधी सांगायला हवे. अथेन्स येथील प्राचीन बाजारपेठेच्या उत्खननात भाजलेल्या मातीचे एक चमत्कारिक पात्र मिळाले. खाली पोकळ बैठक, वर मूल मावेल असे गोल आसन, पुढे पाय बाहेर काढण्यासाठी भोके आणि बुडाशी एक छिद्र. काळ इसवी सनापूर्वी सहावे शतक. त्या काळानंतरच्या ग्रीक भांड्यांवरील चित्रांत अशाच आसनात बसून हात हलवणारे मूल दिसते, त्यामुळे या वस्तूचा उपयोग काय होता याविषयी शंका उरत नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीही कोणी आई मुलाला बसवून 'झाली का?' म्हणून वाट पाहत होती!

पण त्यानंतर फार मोठ्या काळात या विषयावर लिहून ठेवावे असे कोणाला वाटलेले दिसत नाही. मूल मोठे होते, चालू लागते, मोठ्यांचे पाहून शिकते, एवढेच. हा विषय 'शास्त्रीय' झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, अमेरिकेत.

घड्याळाचे राज्य

१८९४ साली न्यूयॉर्कचे डॉ. एमेट होल्ट यांनी बालसंगोपनावर प्रश्नोत्तररूपात एक छोटे पुस्तक लिहिले. ते मूळचे तेथील 'बेबीज हॉस्पिटल'मध्ये दायांना शिकवण्यासाठी तयार केले होते. पुढे ते अमेरिकेतल्या घराघरांत पोचले. त्यात होल्ट सांगतात की बाळाचे पोट रोज ठरलेल्या वेळी साफ होण्याची सवय लावावी, आणि लवकर सुरुवात केली तर दुसऱ्या महिन्यापर्यंत ती लागते.

दुसरा महिना! ज्या बाळाला अजून मानही धरता येत नाही त्याच्याविषयी हे लिहिले आहे. पण त्या काळाची बाजूही पाहिली पाहिजे. जंतूंचा शोध ताजा होता. उन्हाळ्यात जुलाबाने मुले पटापट दगावत होती. आतड्यात मळ साचला की त्याचे विष रक्तात भिनते, अशी समजूत डॉक्टरांतही पसरली होती. शिवाय कपडे धुण्याचे यंत्र घरोघरी नव्हते. रोजची लंगोटांची रास हाताने धुवावी लागे. तेव्हा 'लवकर सवय लावा' हा सल्ला आयांना पटला यात नवल नाही.

१९१२ साली अमेरिकी सरकारने मुलांसाठी स्वतंत्र खाते स्थापन केले आणि १९१४ मध्ये 'इन्फंट केअर' नावाची पुस्तिका काढली. तिच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघत गेल्या. १९३० च्या दशकातल्या आवृत्त्यांत घड्याळ लावून रोज त्याच वेळी बाळाला बसवण्याचा उपदेश होता. गरज पडल्यास साबणाची कांडी वापरावी आणि सहा ते आठ महिन्यांत हे शिक्षण पुरे करावे, असेही सांगितलेले असे. मानसशास्त्रात त्या वेळी वर्तनवादाचा बोलबाला होता. त्याचे प्रवर्तक जॉन वॉटसन यांनी १९२८ च्या आपल्या पुस्तकात मुलांचे फार लाड करू नयेत, सकाळी भेटल्यावर हस्तांदोलन करावे, असे लिहिले होते. मूल म्हणजे ओली माती, योग्य वेळी योग्य दाब दिला की हवा तो आकार येतो, हा त्यामागचा विश्वास होता.

या सगळ्या सल्ल्यात एक गोष्ट नव्हती. ती म्हणजे प्रयोग. लवकर बसवलेली मुले खरोखर लवकर शिकतात का, हे कोणी मोजलेच नव्हते.

शी-शूवरून राष्ट्राची परीक्षा

याच सुमारास दुसऱ्या बाजूने एक वेगळाच विचार येत होता. व्हिएन्नाचे सिग्मंड फ्रॉइड यांनी १९०८ साली एका लेखात असे मांडले की टापटीप, काटकसर आणि हट्टीपणा हे तीन गुण ज्यांच्यात एकत्र दिसतात, त्यांच्या स्वभावाचे मूळ लहानपणच्या मलविसर्जनाच्या अनुभवात असते. कल्पना लक्षवेधी होती, पण ती थोड्या रुग्णांच्या बोलण्यावर उभी होती. ती पुढे कोठवर ताणली गेली हे पाहण्यासारखे आहे.

१९२१ साली ओवेन बर्कली-हिल नावाच्या इंग्रज लष्करी डॉक्टरांनी मनोविश्लेषणाच्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात हिंदूंचा धर्म, तत्त्वज्ञान आणि स्वभाव यांवर निबंध लिहिला. हे गृहस्थ रांची येथील युरोपियनांच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख होते. हिंदूंच्या साऱ्या आचारविचारांचा उगम त्यांनी फ्रॉइडच्या त्या कल्पनेत शोधला, आणि निष्कर्ष अर्थातच राज्यकर्त्यांच्या पथ्यावर पडणारा निघाला. दुसऱ्या महायुद्धात हीच गोष्ट जपानच्या बाबतीत घडली. जेफ्री गोरर या इंग्रज लेखकाने १९४३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात जपानी सैन्याच्या क्रौर्याचा संबंध जपानी बाळांना लावल्या जाणाऱ्या शी-शूच्या कडक शिस्तीशी जोडला. गोरर जपानला गेलेले नव्हते. युद्धानंतर ज्यांनी जपानी कुटुंबांत प्रत्यक्ष पाहणी केली त्यांना ही शिस्त सांगितली होती तशी कडक आढळली नाही.

गंमत अशी की सुधीर कक्कर या भारतीय मनोविश्लेषकाने १९७८ च्या आपल्या पुस्तकात नोंदवले आहे की भारतीय घरांत या बाबतीत फारसा ताण नसतो. मूल आपोआप, मोठ्यांच्या मागोमाग शिकत जाते. म्हणजे ज्या समाजाच्या स्वभावाची चिकित्सा या एका गोष्टीवरून झाली, त्या समाजात तिचा बाऊच नव्हता.

या तर्काची खरी परीक्षा घेतली ती विल्यम स्यूएल या समाजशास्त्रज्ञाने. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या शेतकरी कुटुंबांतली पाच-सहा वर्षांची १६२ मुले त्यांनी निवडली. अंगावरचे दूध कधी तोडले, शी-शूची सवय कधी लावली, कपडे भिजवल्याबद्दल शिक्षा केली का, हे आयांना विचारले. मग मुलांच्या स्वभावाच्या चाचण्या घेतल्या आणि दोहोंचा संबंध तपासला. असे एकूण ४६० संबंध तपासले. त्यांपैकी फक्त १८ संख्याशास्त्रीय कसोटीला उतरले, आणि त्यातलेही ७ अपेक्षेच्या उलट दिशेचे होते! ही कसोटी पाच टक्क्यांची होती. म्हणजे काहीही संबंध नसला तरी केवळ योगायोगाने ४६० पैकी सुमारे २३ तरी उतरायला हवेत. मिळाले १८. हा निबंध १९५२ साली प्रसिद्ध झाला. आठवी-नववीच्या वर्गात योगायोग आणि पुरावा यांतला फरक शिकवायला याहून चांगले उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

जुळ्यांचा प्रयोग

आता घड्याळाकडे परत येऊ. ज्या 'बेबीज हॉस्पिटल'मधून होल्ट यांचे पुस्तक निघाले, त्याच रुग्णालयात चार दशकांनंतर मर्टल मॅकग्रॉ नावाच्या संशोधिका मुलांच्या वाढीचा अभ्यास करीत होत्या. त्यांनी सरळ प्रयोग केला. एकसारख्या जुळ्या भावांच्या दोन जोड्या घेतल्या. प्रत्येक जोडीतल्या एकाला अगदी तान्हेपणापासून दिवसभर तासातासाने भांड्यावर बसवले. दुसऱ्याला बराच काळ मुळीच बसवले नाही; एका जोडीत तर तो सुमारे दोन वर्षांचा होईपर्यंत.

निकाल १९४० साली प्रसिद्ध झाला. तान्हेपणापासून बसवलेल्या मुलांत महिनोन्महिने म्हणावी तशी प्रगती दिसली नाही. नंतर एका वयात ती झपाट्याने झाली. आणि उशिरा सुरुवात केलेली भावंडे अगदी थोड्या काळात त्यांच्या बरोबरीला आली. शेकडो वेळा बसवण्याचे श्रम जवळजवळ वाया गेले होते.

याचे कारण शरीररचनेत आहे. मूत्राशय भरला की त्याची भिंत ताणली जाते आणि तसा संदेश मज्जारज्जूतून वर जातो. भिंतीचे स्नायू आकुंचन पावणे आणि तोंडाशी असलेले वर्तुळाकार स्नायू सैल होणे, या दोन क्रियांचा मेळ मेंदूच्या देठातील एक केंद्र घालते. बॅरिंग्टन या इंग्रज शस्त्रवैद्याने १९२५ साली मांजरांवरील प्रयोगांतून ते शोधून काढले. त्याच्याही वर मोठा मेंदू असतो. 'आत्ता नको, जरा थांब' हा हुकूम तिथून येतो, आणि ती वाट पक्की व्हायला वेळ लागतो. नवजात बाळ दिवसाकाठी वीसेक वेळा लघवी करते. वय वाढते तशी मूत्राशयाची क्षमता वाढते. वयाच्या वर्षांत दोन मिळवून तीसने गुणले की ती ढोबळमानाने मिलिलिटरमध्ये मिळते. म्हणजे दोन वर्षांच्या मुलाची सुमारे १२० मिलिलिटर, जेमतेम एक चहाचा कप.

पाळणाघरात आरडाओरडा केल्याने हा कप मोठा होत नाही, एवढे तरी यावरून ध्यानात यावे.

अठ्ठावीस महिने आणि पाच महिने

मॅकग्रॉ यांच्या प्रयोगानंतर वारे फिरले. १९४६ साली डॉ. बेंजामिन स्पॉक यांचे बालसंगोपनावरील प्रसिद्ध पुस्तक आले. त्याचा सूर आयांना धीर देणारा होता. १९५१ च्या आवृत्तीत तीच सरकारी पुस्तिका मूल दीड-दोन वर्षांचे होईपर्यंत थांबा असे सांगू लागली. १९६२ साली मॅसॅच्युसेट्समधील बालरोगतज्ज्ञ बेरी ब्रेझल्टन यांनी आपल्या दवाखान्यातील ११७० मुलांच्या दहा वर्षांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांची पद्धत साधी होती. मूल बसू-चालू लागले, साधी सूचना समजू लागले, मोठ्यांचे अनुकरण करू लागले, की हळूहळू सुरुवात करायची. ते नाही म्हणाले तर थांबायचे. या मुलांना दिवसाचा ताबा सरासरी २८.५ महिन्यांच्या वयात आला आणि रात्रीचा ३३.३ महिन्यांच्या. 'मुलाच्या तयारीची वाट पाहा' हे सूत्र इथून जगभर गेले.

सगळ्यांनाच ते मान्य नव्हते. १९७३ साली फॉक्स आणि अझ्रिन या मानसशास्त्रज्ञांनी ३४ मुलांना सरासरी चार तासांत शिकवल्याचे सांगितले. भरपूर प्यायला द्यायचे, बाहुलीला शू करून दाखवायला लावायचे आणि जमले की कौतुक करायचे. पण ही मुलेही वीस महिन्यांच्या पुढचीच होती, हे विसरता कामा नये.

आणि मग १९७७ साली एक असा निबंध आला की सगळे पुन्हा विचारात पडले. डी व्रीज दांपत्याने पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील डिगो लोकांमध्ये केलेली पाहणी त्यात होती. तिथे बाळ काही आठवड्यांचे झाले की आई जमिनीवर पाय पसरून बसते, बाळाला पायांमध्ये धरते आणि 'शू' असा आवाज काढते. बाळाने शू केली की त्याला जवळ घेते, पाजते. पाच-सहा महिन्यांचे होईतो ही बाळे रात्रंदिवस बहुतेक कोरडी राहतात!

मराठी वाचकाला हे वर्णन वाचून हसू येईल. आपल्याकडे आजी पाटावर बसून बाळाला दोन्ही पावलांवर बसवते आणि 'शू ऽऽ' करते, ते आणखी वेगळे काय आहे? आपल्या भाषेतला तो शब्दच त्या आवाजातून आला असावा असे वाटते. दूध प्यायल्यावर आतड्याची हालचाल वाढते, ही प्रतिक्षिप्त क्रिया तान्ह्या बाळात चांगली जोरात असते. पाजल्यानंतर थोड्या वेळाने बाळाला पायांवर घेणाऱ्या आजीला हे पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

मग मॅकग्रॉ चुकल्या का? नाही. त्यांच्या जोड्या दोनच होत्या, हे खरे. पण महत्त्वाचा फरक वेगळाच आहे. न्यूयॉर्कमध्ये बाळाला घड्याळाप्रमाणे बसवले जात होते; डिगो आई बाळाच्या हालचालीवरून ओळखून बसवत होती. १९९५ च्या सुमारास झालेल्या अभ्यासांत असे दिसले की नवजात बाळही झोपेत लघवी करण्यापूर्वी बहुधा चाळवते, जागे होते. म्हणजे मेंदूला काहीच कळत नसते असे नाही. बाळ खूण करते. ती वाचणारे माणूस दिवसभर जवळ हवे, एवढेच.

त्याहून मोठा मुद्दा व्याख्येचा. बॉस्टनजवळच्या दवाखान्यात 'शिकले' याचा अर्थ मुलाला स्वतःला कळते, ते सांगते, जाऊन बसते. डिगो गावात 'शिकले' याचा अर्थ आई आणि बाळ मिळून वेळ साधतात. २८ महिने आणि ५ महिने हे दोन आकडे एकाच गोष्टीचे मोजमाप नाहीतच! शास्त्रातली कितीतरी भांडणे अशी मोजण्याआधी व्याख्या न केल्यामुळे होतात. झुरिकमध्ये मुलांच्या दोन पिढ्यांवर केलेल्या दीर्घ अभ्यासातही हेच दिसले. आधीच्या पिढीतील मुलांना पहिल्या वर्षातच बसवत असत, पुढच्या पिढीत बरेच उशिरा. पण स्वतःचा ताबा येण्याचे वय त्यामुळे अलीकडे आले नव्हते. हा निष्कर्ष १९९६ साली प्रसिद्ध झाला.

लंगोटाचा वाटा

सल्ला बदलला तो केवळ संशोधनामुळे, असे मानणे भाबडेपणाचे होईल. कपडे धुण्याची यंत्रे घरोघरी आली. १९६१ साली अमेरिकेतील पिओरिया शहरात एका कंपनीने 'पॅम्पर्स' हे फेकून देण्याचे लंगोट विक्रीसाठी आजमावले. १९८० च्या दशकात त्यांत सोडियम पॉलिअॅक्रिलेट हे आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवणारे रसायन आले. ओले झाल्याचे मुलालाच कळेनासे झाले, आणि आईची घाई संपली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिवसभर कोरडे राहण्याचे मध्यगत वय मुलींत ३२.५ आणि मुलग्यांत ३५ महिने आढळले. 'घाई करू नका' सांगणारे ब्रेझल्टन १९९० च्या दशकात त्याच कंपनीच्या जाहिरातींत मोठ्या मापाच्या लंगोटांची शिफारस करताना दिसले, तेव्हा त्यांच्यावर टीका झाली. त्यांचे ११७० मुलांचे निष्कर्ष त्यामुळे खोटे ठरत नाहीत. पण सल्ला कोण देतो आणि त्याचा खर्च कोण करतो, हे विचारण्याचा हक्क वाचकाला आहे.

शाळेच्या दारात

आता त्या ताईंच्या प्रश्नाकडे वळू. अडीच वर्षांच्या मुलाला शी-शू सांगता आली पाहिजे का? पुष्कळ मुलांना येते, पुष्कळांना येत नाही, आणि दोन्ही निरोगी असतात. रात्रीचा ताबा तर आणखी उशिरा येतो. पाच वर्षांच्या सुमारे १५ टक्के मुलांचे अंथरूण अधूनमधून भिजते. हा आळस नव्हे, हट्ट नव्हे आणि आईचा दोषही नव्हे. शिक्षा केल्याने किंवा चारचौघांत हसल्याने मूत्राशय लवकर वाढत नाही. उलट भ्यालेले मूल शी दाबून ठेवते, मळ कठीण होतो, पुढच्या वेळी दुखते, म्हणून ते आणखी दाबते. हे चक्र मोडायला मग महिने जातात.

एका गोष्टीत मात्र सैलपणा नको. लहान बाळाची शी निरुपद्रवी असते ही आपल्याकडची समजूत साफ चुकीची आहे. जुलाबाचे जंतू तिच्यात मोठ्यांच्या मळाइतकेच, किंबहुना अधिक असू शकतात. ती शौचकूपातच टाकावी आणि टाकणाऱ्याने साबणाने हात धुवावेत. सवय लावण्याची घाई नसावी, पण स्वच्छतेची असावी.

आणि मोठ्या मुलांचे काय? सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्व शाळांत सहा महिन्यांच्या आत स्वच्छतागृहे करण्याचा आदेश दिला. खोली असणे आणि तिथे पाणी, कडी व उजेड असणे यांत अंतर असते, हे शिक्षकांना सांगायला नको. दिवसभर पाणी न पिणाऱ्या, लघवी दाबून धरणाऱ्या मुली आपल्या वर्गांतच बसलेल्या असतात. बाळाला थांबायला शिकवायला आपण दोन वर्षे घेतो, आणि मग शाळेत त्याला इतके थांबायला लावतो की मूत्रमार्गाचा संसर्ग व्हावा. 'बाई, बाहेर जाऊ?' म्हणून वर आलेल्या बोटाला नाही म्हणण्याआधी हा इतिहास आठवावा.

त्या ताईंना आम्ही नंतर पत्र लिहिले. रकाना काढू नका, प्रश्न तेवढा बदला, असे सुचवले. 'मूल शी-शू सांगते का?' याऐवजी 'शी-शू लागल्यावर मूल काय म्हणते किंवा काय करते?' असे विचारावे. कोणी 'शू' म्हणते, कोणी 'नंबर', कोणी नुसतेच कोपऱ्यात जाऊन उभे राहते. घरची ती खूण बाईंना ठाऊक असली की निम्मे काम झाले. उत्तर आले. त्यांच्या वर्गात आता भिंतीवर एक तक्ता आहे. त्यावर प्रत्येक मुलाच्या नावापुढे त्याचा शब्द लिहिलेला आहे. मदतनीस मावशींनी तो पहिल्या आठवड्यातच पाठ केला, असेही त्यांनी कळवले.